पाणी देण्याचे पुण्य आणि पाणी तपासण्याचे कर्तव्य

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



तहानलेल्याला पाणी देणे हे आपल्याकडे मोठे पुण्यकर्म मानले गेले आहे. चैत्र-वैशाखात वाटसरूंसाठी पाणपोई घालावी, वडिलांच्या स्मरणार्थ विहीर बांधून द्यावी, देवळाजवळ बारव खोदावी, ही परंपरा महाराष्ट्राच्या गावोगावी दिसते. पुण्यश्लोक अहल्यादेवी होळकरांनी देशभर बांधलेले घाट, विहिरी आणि बारवा यांची साक्ष आजही देतात. काळ बदलला तशी बारवेची जागा विंधन विहिरीने घेतली. एखादे मंडळ, एखादी संस्था, एखादे कुटुंब गावाला बोअर देते. हातपंप बसतो, नारळ फुटतो, गावातील सुवासिनी पहिली कळशी भरतात. पाणी नितळ असते, थंड असते, गोड असते. टाळ्या वाजतात आणि कार्यक्रम संपतो. त्या कळशीतील पाण्यात काय विरघळलेले आहे, हा प्रश्न मात्र त्या आनंदात बहुधा कोणी विचारत नाही.

हा एक प्रश्न वेळेवर न विचारल्यामुळे काय घडू शकते, याचे उदाहरण आपल्या अगदी शेजारी आहे. त्यासाठी बंगालच्या त्रिभुज प्रदेशात जावे लागेल. आजच्या विषयाचे नाव ‘पाण्यातील जड धातू शोधणारे संवेदक’ असे आहे. विषय यंत्रांचा वाटतो आणि काही अंशी तो तसा आहेही. परंतु या यंत्रांची गरज का निर्माण झाली, हे समजल्याशिवाय यंत्राचे महत्त्व कळणार नाही.

सद्हेतूने खणलेल्या विहिरी

पूर्वी बांगलादेशातील खेड्यांत लोक तळ्याचे आणि नदीचे पाणी पीत. त्या पाण्यातून पटकी आणि अतिसार पसरत, असंख्य बालके दगावत. यावर उपाय म्हणून १९७० च्या दशकापासून युनिसेफसारख्या संस्थांनी आणि तेथील शासनाने कूपनलिका बसवण्याची मोठी मोहीम हाती घेतली. जमिनीखालचे पाणी जंतूंपासून सुरक्षित, हा विचार चुकीचा नव्हता. लोकांनीही ती कल्पना मनापासून स्वीकारली. पुढे पुढे कुटुंबे स्वतःच्या पैशाने अंगणात कूपनलिका बसवू लागली. दारात हातपंप असणे हे सुबत्तेचे लक्षण ठरले, मुलीच्या सासरी हातपंप आहे याचे आईवडिलांना समाधान वाटू लागले.

सीमेच्या अलीकडे, पश्चिम बंगालमध्येही हेच चित्र होते. १९८३ साली कोलकात्याच्या ‘स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन’ या संस्थेतील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. के. सी. साहा यांच्याकडे काही ग्रामीण रुग्ण आले. त्यांच्या अंगावर पावसाचे थेंब पडावेत तसे काळे-पांढरे डाग होते, तळहात आणि तळपाय खरखरीत होऊन त्यांवर गाठी आल्या होत्या. डॉ. साहा यांनी निदान केले ते आर्सेनिकच्या दीर्घकालीन विषबाधेचे. विष कोठून आले? त्यांच्याच दारातील हातपंपातून! पुढे जादवपूर विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञ डॉ. दीपांकर चक्रवर्ती यांनी १९८८ पासून आयुष्याची तीन दशके या एका प्रश्नाला वाहिली. गावोगाव जाऊन पाण्याचे, केसांचे, नखांचे नमुने गोळा करणे, ते तपासणे आणि शासनाच्या दाराशी पुन्हा पुन्हा जाणे, हे व्रत त्यांनी २०१८ साली झालेल्या निधनापर्यंत सोडले नाही. २००२ साली बिहारमधील भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझापट्टी या गावातील आर्सेनिक उजेडात आले, तेव्हा हा प्रश्न केवळ बंगालचा नसून संपूर्ण गंगाखोऱ्याचा आहे, हे स्पष्ट झाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात २००० साली प्रसिद्ध झालेल्या लेखात बांगलादेशातील या आपत्तीचे वर्णन मानवी इतिहासातील सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे करण्यात आले. साडेतीन कोटी ते पावणेआठ कोटी लोकांना धोका असल्याचा अंदाज त्यात होता. ही विषबाधा कोणा शत्रूने घडवली नव्हती. पटकीने मरणाऱ्या मुलांना वाचवण्यासाठी निघालेल्या माणसांच्या हातून ती घडली. या घटनेची सर्वांत मोठी वेदना हीच आहे.

कारखाना नाही, तरीही विष

पाण्यात धातू आला म्हणजे जवळ कारखाना असला पाहिजे, असा आपला समज असतो. अनेक ठिकाणी तो खराही असतो. जपानमध्ये मिनामाता येथे कारखान्याच्या सांडपाण्यातील पारा माशांत आणि माशांतून माणसांत गेला, १९५६ साली तो आजार अधिकृतपणे नोंदवला गेला. परंतु गंगाखोऱ्यातील आर्सेनिक निसर्गाचे आहे. हिमालयातील खडकांची झीज होऊन गाळ मैदानात आला. त्या गाळातील लोहाच्या गंजासारख्या कणांना आर्सेनिक चिकटलेले होते. गाळाखाली गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अवशेषांमुळे भूगर्भात प्राणवायू उरला नाही. अशा स्थितीत वाढणाऱ्या जिवाणूंनी लोहाचे कण विरघळवले आणि त्यांना चिकटलेले आर्सेनिक पाण्यात उतरले.

हे सर्वत्र सारखे घडत नाही. गाळाचे थर जागोजागी वेगळे असल्यामुळे एका अंगणातील हातपंप विषारी, तर वीस-पंचवीस पावलांवरच्या शेजाऱ्याचा हातपंप निर्दोष, असे सर्रास आढळते. साधारणपणे उथळ कूपनलिकांत विष अधिक आणि दीडशे मीटरहून खोल गेलेल्या कूपनलिकांत कमी, असे दिसते, पण त्यावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. गावातील चार पंप तपासून पाचव्याविषयी अनुमान काढता येत नाही. प्रत्येक पंप स्वतंत्रपणे तपासावा लागतो आणि पंपांची संख्या लाखांत असते. संवेदकांची खरी कहाणी येथून सुरू होते.

आर्सेनिक हे नाव परके वाटले तरी वस्तू आपल्या परिचयाची आहे. सोमल म्हणतात ते याचेच ऑक्साइड. पिवळा हरताळ आणि तांबडा मनशीळ ही गंधकासह असलेली त्याचीच खनिजे. आपल्या रसशास्त्राला ती शतकानुशतके माहीत होती, त्यांच्या विषारीपणाची आणि शोधनाची चर्चा तेथे आहे. जुन्या पोथ्यांत चुकलेली अक्षरे झाकण्यासाठी हरताळ लावत, त्यावरूनच ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आला. रसायनशास्त्राच्या काटेकोर व्याख्येत आर्सेनिक हा पूर्ण धातू नसून धातुसदृश मूलद्रव्य आहे. तथापि पाण्याच्या प्रदूषणाचा विचार करताना शिसे, पारा, कॅडमियम आणि क्रोमियम यांच्या पंक्तीतच त्याला बसवले जाते.

एका टँकरमध्ये चार तांदूळ

पिण्याच्या पाण्यात आर्सेनिक किती चालते? पूर्वी एका लिटरमध्ये ५० मायक्रोग्रॅम ही मर्यादा मानली जाई. जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ साली ती १० मायक्रोग्रॅमवर आणली. भारतीय मानक ब्युरोची स्वीकार्य मर्यादाही तीच आहे. शिशासाठीही आपल्याकडे लिटरला १० मायक्रोग्रॅम, कॅडमियमसाठी ३ आणि पाऱ्यासाठी अवघा १ मायक्रोग्रॅम अशी मर्यादा आहे.

मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. हा आकडा मनात उतरावा म्हणून आपल्या परिचयाचा पाण्याचा टँकर घेऊ. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये आर्सेनिकची ही मर्यादा गाठायला फक्त एक दशांश ग्रॅम आर्सेनिक पुरते. एक दशांश ग्रॅम म्हणजे वजनाने तांदळाचे चार-पाच दाणे. चार तांदळांइतके विष टँकरभर पाण्यात विरघळले, तर त्या पाण्याचा रंग बदलणार नाही, वास येणार नाही, चव बिघडणार नाही. गाळल्याने ते जाणार नाही. उकळल्याने तर पाण्याची वाफ होऊन विषाचे प्रमाण उलट थोडे वाढेल. शिवाय त्याचा परिणाम लगेच दिसत नाही. त्वचेवर डाग उमटायला अनेक वर्षे लागतात, त्वचेचा, मूत्राशयाचा किंवा फुप्फुसाचा कर्करोग त्याहूनही उशिरा येतो. म्हणजे डोळे, नाक, जीभ आणि अनुभव ही पाणी पारखण्याची आपली चारही साधने येथे निरुपयोगी ठरतात. जे इंद्रियांना कळत नाही, ते कळवण्यासाठी वेगळे इंद्रिय हवे. संवेदक म्हणजे तेच.

येथे शहरी घरांतील एक गैरसमज दूर केला पाहिजे. जलशुद्धीकरण यंत्राचे विक्रेते पेनसारखे एक उपकरण पाण्यात बुडवून आकडा दाखवतात. हा ‘टीडीएस’ मीटर. पाण्यातून वीज किती सहजपणे वाहते, हे मोजून तो एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. क्षार असतात लिटरला शेकडो मिलिग्रॅम, आर्सेनिकची मर्यादा आहे मिलिग्रॅमचा शंभरावा भाग. आकडा तीनशे असेल, तर त्यात एवढ्या सूक्ष्म भागाचा पत्ता लागणे शक्यच नाही. आकडा कमी म्हणून पाणी निर्विष आणि आकडा जास्त म्हणून विषारी, हे दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. तसेच अतिनील किरणांचे यंत्र जंतू मारते, पण धातू काढत नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे.

न्यायालयात टिकणारा पुरावा

आर्सेनिक ओळखण्याच्या आधुनिक पद्धतीचा उगम एका खुनाच्या खटल्यात आहे. १८३३ साली इंग्लंडमध्ये एका तरुणावर आजोबांना कॉफीतून आर्सेनिक दिल्याचा आरोप होता. जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने त्या काळच्या पद्धतीने परीक्षण करून विष सिद्ध केले. पण न्यायालयात दाखवण्याची वेळ येईपर्यंत नमुन्यातला पिवळा साका बिघडून गेला होता. ज्युरींना काहीच दिसेना, आरोपी सुटला. या अपयशाने अस्वस्थ झालेल्या मार्श यांनी पुढे खपून १८३६ साली नवी पद्धत प्रसिद्ध केली. तीत जस्त आणि आम्ल यांच्या साहाय्याने आर्सेनिकचा वायू तयार होतो आणि तो तापवला की काचेवर चकचकीत काळा थर जमतो. तो कोणालाही दिसतो आणि टिकतो. सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसेल असा पुरावा शास्त्रज्ञाने उभा केला, हे मार्श यांचे खरे यश.

याच तत्त्वावर पुढे गुटझाइट यांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली आणि आज खेडोपाडी वापरल्या जाणाऱ्या बहुतेक आर्सेनिक-संचांत तीच आहे. बाटलीत पाणी घेऊन आम्ल आणि जस्ताची पूड टाकतात, तोंडाशी मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदाची पट्टी ठेवतात. पाण्यात आर्सेनिक असेल तर निघालेला वायू पट्टीला पिवळ्यापासून तपकिरीपर्यंत रंग देतो. तो रंग तक्त्याशी ताडून प्रमाण ठरवायचे. वीज लागत नाही, यंत्र लागत नाही, अर्ध्या तासाच्या आत उत्तर मिळते.

या पद्धतीने फार मोठे काम केले आहे, पण तिच्या मर्यादाही आहेत. निघणारा वायू विषारी असतो, पट्टीत पारा असतो, त्यामुळे काम काळजीपूर्वक आणि मोकळ्या हवेत करावे लागते. पाण्यात गंधकाची संयुगे असतील तर रंग फसवतो. सर्वांत मोठी अडचण म्हणजे ज्या १० ते ५० मायक्रोग्रॅमच्या सीमारेषेवर निर्णय घ्यायचा, तेथेच फिकट पिवळ्या छटांमधला फरक डोळ्यांना नीट कळत नाही. २००२ साली जादवपूरच्या संशोधकांनी संचाने तपासलेल्या कूपनलिकांचे पाणी प्रयोगशाळेत पुन्हा तपासून, अशा चुका मोठ्या प्रमाणावर झाल्याचे दाखवून दिले. एखाद्या विषारी पंपावर ‘सुरक्षित’ असा शिक्का बसणे याचा अर्थ काय, हे आणखी स्पष्ट करून सांगण्याची गरज नाही. न तपासलेल्या पाण्याविषयी निदान शंका तरी असते, चुकीच्या प्रमाणपत्राने ती शंकाही नाहीशी होते.

अचूक उत्तर प्रयोगशाळेतील यंत्रे देतात. १९५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील ॲलन वॉल्श यांनी विकसित केलेली अणुशोषण पद्धत आणि त्यानंतरची अधिक संवेदनशील यंत्रे एका मायक्रोग्रॅमच्याही खाली पोहोचतात. पण ही यंत्रे महाग असतात, त्यांना वातानुकूलित खोली, शुद्ध वायू आणि प्रशिक्षित माणूस लागतो. नमुना जिल्ह्याच्या गावी जाणार, अहवाल काही दिवसांनी येणार आणि तोवर घरातली कळशी त्याच पंपावर भरली जाणार.

ग्लुकोमीटरसारखे यंत्र का नाही?

घरोघरी मधुमेहाचे रुग्ण ग्लुकोमीटर वापरतात. बोटाला टोचले, थेंब पट्टीवर घेतला की काही सेकंदांत आकडा. मग पाण्यातील विषासाठी असेच यंत्र का नाही? हा प्रश्न अगदी योग्य आहे. याचे उत्तर प्रमाणात आहे. रक्तात साखर असते लिटरला सुमारे एक ग्रॅम. आर्सेनिक शोधायचे आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम, म्हणजे एक लाख पटींनी कमी! शिवाय त्या पाण्यात लोह, तांबे, क्षार आणि सेंद्रिय द्रव्ये यांची गर्दी असते. त्या गर्दीत नेमका एकच गुन्हेगार ओळखायचा आहे.

यावर विद्युत-रसायनशास्त्राने शोधलेला उपाय फार सुंदर आहे. त्याची पायाभरणी प्राग येथे यारोस्लाव्ह हेरॉव्हस्की यांनी १९२२ साली केली, त्यांना १९५९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून विकसित झालेली पद्धत दोन टप्प्यांची आहे. पहिल्या टप्प्यात पाण्यात बुडवलेल्या इलेक्ट्रोडला ऋण विद्युत्दाब देतात. विरघळलेले धातूचे कण हळूहळू त्याच्या पृष्ठभागावर येऊन बसतात. थेंबे थेंबे तळे साचावे तसा विखुरलेला धातू एका जागी साठतो. दुसऱ्या टप्प्यात विद्युत्दाब क्रमाक्रमाने बदलत नेतात. प्रत्येक धातू आपल्या ठरावीक दाबाला पृष्ठभाग सोडून पुन्हा पाण्यात जातो आणि जाताना वीज देऊन जातो. कोणत्या दाबाला गेला, यावरून धातूचे नाव कळते, किती वीज दिली यावरून त्याचे प्रमाण कळते. शिसे, कॅडमियम आणि तांबे एकाच पाण्यात असले तरी त्यांची हजेरी वेगवेगळी लागते.

पूर्वी यासाठी पाऱ्याचा इलेक्ट्रोड लागे. विष शोधण्यासाठी विषच वापरण्याचा हा प्रकार आता मागे पडत असून सोने, बिस्मथ आणि कार्बन यांचे छापील पट्टीवरील इलेक्ट्रोड आले आहेत. हातात मावणारे यंत्र आणि वापरून टाकून देण्याची पट्टी, असे त्याचे रूप ग्लुकोमीटरच्या बरेच जवळ जाते. तरीही अडचणी आहेत. आर्सेनिक पाण्यात दोन रूपांत असते, त्यांतील एक रूप इलेक्ट्रोडला सहज दाद देते, दुसऱ्यावर आधी रासायनिक प्रक्रिया करावी लागते. तांबे मध्ये लुडबुड करते. पाण्यातील सेंद्रिय द्रव्ये इलेक्ट्रोडवर चिकटून त्याची संवेदना बोथट करतात. प्रयोगशाळेतील शुद्ध पाण्यात उत्तम चालणारा संवेदक भोजपूरच्या पंपाखाली अडखळतो, तो या कारणांनी.

दुसरा मार्ग जीवसृष्टीकडून घेतलेला आहे. काही जिवाणूंच्या शरीरात आर्सेनिक शिरले की ते ओळखून बाहेर फेकणारी व्यवस्था जागी होते. या व्यवस्थेला प्रकाश देणाऱ्या प्रथिनाचे जनुक जोडले, तर आर्सेनिकयुक्त पाण्यात तो जिवाणू चमकू लागतो. स्वित्झर्लंडमधील संशोधकांच्या गटाने व्हिएतनाममधील विहिरींच्या पाण्यावर ही पद्धत वापरून २००५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. तथापि जनुकीय बदल केलेला जिवाणू गावात न्यायचा, तर तो बाहेर पसरणार नाही याची खात्री द्यावी लागते.

भारतीय संशोधकही मागे नाहीत. मोहाली येथील राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेतील संशोधकाने कोबाल्ट आणि मोलिब्डेनम यांच्या सच्छिद्र संयुगावर आधारलेला, सुमारे १५ मिनिटांत आर्सेनिक ओळखणारा संवेदक विकसित केल्याचे केंद्रीय विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने जाहीर केले आहे. मद्रास आयआयटीतील प्रा. टी. प्रदीप यांनी अतिसूक्ष्म कणांच्या तंत्राने पाण्यातील आर्सेनिक काढणारे माध्यम तयार केले असून ते अनेक ठिकाणी वापरात आहे. २०२० साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. शोधणे आणि काढणे ही दोन कामे अशी हातात हात घालून चालली पाहिजेत.

जे शोधलेच नाही, ते सापडले नाही

एवढे ऐकल्यावर वाटेल की उत्तम संवेदक आला की प्रश्न सुटला. अनुभव वेगळे सांगतो. ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेने १९९२ साली बांगलादेशातील काही कूपनलिकांच्या पाण्याची तपासणी केली होती. अनेक मूलद्रव्यांसाठी पाणी तपासले गेले, त्या यादीत आर्सेनिक नव्हते. पुढे एका बांगलादेशी ग्रामस्थाने ब्रिटनमध्ये दावा दाखल केला. २००६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला, त्या ग्रामस्थाप्रती संस्थेचे तसे कायदेशीर उत्तरदायित्व नव्हते, असा निर्णय दिला. कायद्याचा निर्णय कायद्याच्या जागी. परंतु यातून मिळणारा धडा कोणत्याही न्यायालयाच्या पलीकडचा आहे. त्या वेळी आर्सेनिक मोजणारी यंत्रे जगात होती, प्रश्न विचारणारे मन नव्हते. संवेदकाला तेच सापडते, जे शोधायला माणूस त्याला सांगतो.

दुसरा धडा परीक्षणानंतरचा आहे. २००० नंतरच्या काही वर्षांत बांगलादेशात सुमारे ५० लाख कूपनलिका संचाने तपासल्या गेल्या. लिटरला ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक असलेल्या पंपांना लाल आणि बाकीच्यांना हिरवा रंग लावण्यात आला. सुमारे १४ लाख पंप लाल झाले. अक्षरओळख नसलेल्या गृहिणीलाही कळेल असा हा निकाल होता. ढाक्याजवळच्या अराइहजार भागात कोलंबिया विद्यापीठाच्या आणि स्थानिक संशोधकांनी काम केले, तेव्हा दिसले की आपला पंप दूषित आहे हे कळल्यावर अनेक कुटुंबांनी शेजारच्या सुरक्षित पंपावरून पाणी आणायला सुरुवात केली. शेजारी शेजाऱ्याला पाणी देऊ लागला. त्या भागातील सुमारे ११ हजार प्रौढांचा दोन दशके मागोवा घेणाऱ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या शरीरातील आर्सेनिक घटले, त्यांच्यात हृद्रोग, कर्करोग आदी दीर्घकालीन आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण निम्म्यापर्यंत कमी आढळले. एका परीक्षणाने आणि एका शेजाऱ्याच्या सौजन्याने केवढे काम केले!

पण रंग पावसात उडाले. नवे पंप बसले, ते कोणी तपासले नाहीत. काही ठिकाणी सुरक्षित पंप इतका दूर होता की रोजच्या कळशांच्या हिशेबात लाल पंपच पुन्हा जवळचा वाटू लागला. शिवाय या आजाराबरोबर सामाजिक दुःखही आले. अंगावरचे डाग पाहून कुष्ठरोग समजून माणसांना दूर ठेवले गेले, मुलींची लग्ने मोडली, सुना माहेरी पाठवल्या गेल्या. पाणी विषारी होते, दोष मात्र पिणाऱ्याच्या माथी आला.

आपल्या दाराशी

महाराष्ट्राच्या बहुतांश भागात भूमी काळ्या पाषाणाची आहे, गंगाखोऱ्याच्या गाळाची नाही. म्हणून निश्चिंत राहावे असे मात्र नाही. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, छत्तीसगडमधील अंबागड चौकी परिसरातील कौडीकसा गावात आर्सेनिक आढळल्याचे १९९९ सालीच समोर आले होते. तेथील आर्सेनिक गाळातले नाही, खडकातले आहे. भूगर्भाला राज्याच्या सीमा ठाऊक नसतात.

शहरांत प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. शिसे बहुधा धरणातून येत नाही, ते नळातून, जोडातून, जुन्या वाहिनीतून येते. अमेरिकेतील फ्लिंट शहरात २०१४ साली पाण्याचा स्रोत बदलला, वाहिन्या गंजू नयेत म्हणून करायची प्रक्रिया केली गेली नाही आणि जुन्या वाहिन्यांतील शिसे मुलांच्या पेल्यात उतरले. जलशुद्धीकरण केंद्रातला नमुना चांगला असला तरी स्वयंपाकघरातल्या नळाचे पाणी वेगळे असू शकते. आपल्याकडे पीव्हीसी वाहिन्यांतील शिसेयुक्त स्थिरीकारकांवर निर्बंध घालणारे नियम २०२१ साली झाले, पण त्यापूर्वी भिंतीत बसलेल्या वाहिन्या तेथेच आहेत.

आशेची बाजूही मोठी आहे. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना पाण्याचे परीक्षण करण्याचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे. पाणी जिच्या डोक्यावरून घरात येते, तिच्याच हाती परीक्षणाचे साधन देणे ही दूरदृष्टीची गोष्ट आहे. मात्र साध्या संचातून आम्लता, क्षार, नत्र, फ्लोराइड अशा गोष्टी कळतात, जड धातूंसाठी बहुधा नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो. ही दरी भरून काढणारा स्वस्त, खात्रीचा आणि गावातल्या भगिनीला वापरता येईल असा संवेदक तयार करणे हे आपल्या तरुण अभियंत्यांपुढचे आव्हान आहे. नागपूरला १९५८ पासून पाणी आणि पर्यावरणाचे काम करणारी ‘नीरी’सारखी राष्ट्रीय संस्था आहे, पवईला आयआयटी आहे. बुद्धीची उणीव नाही. स्पर्धेसाठी प्रकल्प बनवून तो कपाटात ठेवण्याऐवजी तो पंपाखाली नेऊन वर्षभर चालवून पाहण्याची चिकाटी हवी.

आणि ज्यांना यंत्र बनवता येत नाही, त्यांनी काय करावे? त्यांच्या हाती असलेले कामही कमी मोलाचे नाही. आपण ज्या गावाला बोअर देऊ, तेथे उद्घाटनाची तारीख पाण्याचा अहवाल आल्यावरच ठरवावी. नमुना शासकीय किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवावा आणि अर्जात कोणते धातू तपासायचे, ते नावानिशी लिहावे, कारण न सांगितलेले तपासले जात नाही. अहवाल फाइलमध्ये न ठेवता पंपाजवळ मराठीत मोठ्या अक्षरांत लिहावा आणि त्याखाली तपासणीची तारीख लिहावी. पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तो पुन्हा तपासावा. एखादा पंप दूषित निघाला, तर त्याला कुलूप लावण्याआधी जवळचे निर्दोष पाणी कोठे मिळेल, ते गावाला दाखवावे. देणगीच्या अंदाजपत्रकात पंपाच्या खर्चाखाली परीक्षणाची एक ओळ असावी. खोदाईच्या खर्चापुढे ती रक्कम किरकोळ असते.

बंगालमधील त्या कूपनलिका बसवणाऱ्यांच्या मनात पाप नव्हते. त्यांनी पाणी दिले, ते तपासायचे राहिले आणि एका पिढीच्या आरोग्यावर अक्षरशः हरताळ फासला गेला. ज्याने पहिली कळशी भरून दिली, त्याचे पुण्य खरे. पण ती कळशी घरी नेणाऱ्या माउलीचा आपल्यावर विश्वास असतो. ती पाणी पारखून घेत नाही, देणारा पारखून घेते. त्या विश्वासाला पात्र ठरायचे, तर पाणी देण्याबरोबर ते तपासण्याचे कर्तव्यही आपल्याच शिरावर आहे, एवढे या सभागृहातून जाताना प्रत्येकाने मनाशी बाळगावे.